पिवळ्या दोऱ्याची फळं

अगं, चहाचं नंतर बघू, आधी बस इथे. काल मी ताईकडे जाऊन आले आणि तेव्हापासून हे पोटात घेऊन फिरतेय. कुणाला तरी सांगितलं नाही तर मला झोप लागायची नाही. आणि तेवढा खिडकीचा पडदा ओढ. थंडी नाही वाजत गं. ओढ म्हणते ना.

ताई म्हणजे माझी मावसबहीण, आल्टरेशनच्या दुकानवाली. तुझ्या निळ्या कोटाच्या बाह्या तिनेच आखूड केल्या होत्या बघ. तीच. तिने जसं सांगितलं तसंच सांगते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

तर ताईच्या घरामागे एक आवार आहे. आवार म्हणजे काय, दोन माणसांनी एकदम कपडे वाळत घालायला गेलं तर एकाला मागे सरकावं लागतं, एवढंच. स्वयंपाकघराची खिडकी तिकडे उघडते, आणि खिडकीच्या बरोब्बर खाली ते झुडूप. अकरा वर्षांपूर्वी भावजींनी लावलं. बारा महिने हिरवंगार. पानं जाड, चकचकीत, जणू आत्ताच कुणी मेण चोळून गेलंय, आणि प्रत्येक पानाच्या प्रत्येक टोकाला काटा. त्याच्या अंगाला अंग लागलं की ओरखडा पडलाच म्हणून समज.

भावजी लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. कुठल्याशा इमारतीच्या फाटकाशी त्यांनी असलं झुडूप ऐन थंडीत बघितलं, लाल फळांनी लगडलेलं. घरी येऊन म्हणाले, "सगळीकडे करडं झालं की हे एकटं लाल होतं. तू मशीनवर बसलीस की समोर दिसेल तुला. मी लाल करून दाखवतो."

ताईचं घरचं शिलाई मशीन त्या खिडकीशीच आहे, उजेडासाठी. तर ती बसली वाट बघत. एक वर्ष, दोन वर्षं. वसंतात बारीक पांढरी फुलं यायची, गळायची, आणि फळाच्या नावाने शून्य. तिसऱ्या वर्षी भावजी रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्याला जाब विचारायला गेले. म्हातारा पोट धरून हसला. म्हणाला, "साहेब, ही मादी आहे. ह्याच्यात नर वेगळा, मादी वेगळी. आसपास नराचं झुडूप फुललेलं असेल, मधमाशीने त्याचे पराग हिच्यापर्यंत आणले, तरच फळ. तुम्ही मांडव घातलात, पंगत बसवलीत, नवरदेवाला बोलवायचं विसरलात."

झालं. त्यानंतर दर वर्षी भावजी म्हणायचे, "यंदा नर आणतो." त्यांच्या घरात तो विनोदच होऊन बसला. दिवा गेला, नळ गळला, की ताई म्हणायची, "यंदा बघाल ना?" झुडपाचं नाव पडलं हट्टी.

भावजी छाटणी करताना चामड्याचे हातमोजे घालायचे. काट्याने एकदा उजव्या मोज्याचा अंगठा फाटला, तो ताईने शिवून दिला. मशीनवर तेव्हा पिवळा दोरा चढवलेला होता, तोच वापरला. आणि शेवटी तिची ती गाठ मारली. तुला माहितीये का तिची गाठ? तीन वेढे, मग एक उलटा, आणि टोक आत ओढून घ्यायचं. तिला तिच्या आईने शिकवलेली. आई गेली, आता ती गाठ जगात फक्त ताईला येते. कात्री तिला चिडवायची, "तुझी कुलपाची गाठ, किल्ली पण तुझ्याकडेच."

कात्री कोण, सांगते. कात्री म्हणजे ताईची मैत्रीण आणि दुकानातली भागीदार. ती कापणार, ताई शिवणार, असं पंधरा वर्षं चाललेलं. कापड असो, केस असोत, कुणाचं लांबलेलं बोलणं असो, ही मध्येच कापायची, म्हणून कात्री. एकटी राहते, ताईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. भावजींना ती भावजीच म्हणायची, माझ्यासारखी.

चार वर्षांपूर्वी ते हातमोजे हरवले. भावजी म्हणाले, "कुठेतरी विसरलो." विषय संपला.

आणि गेल्या थंडीत भावजी गेले. कामावर असताना, लिफ्टच्या मशीनरूममध्ये, बसल्या जागी. काही आजार नाही, काही नाही. ताई महिनाभर दुकानात गेली नाही. कात्रीने दोघींचं काम एकटीने ओढलं, रोज संध्याकाळी डबा घेऊन यायची, ताईच्या केसांना तेल लावून द्यायची. ताई मला म्हणाली होती, "सख्खी बहीण करणार नाही एवढं केलं तिने." हे लक्षात ठेव.

मग वसंत आला. हट्टीला नेहमीप्रमाणे फुलं आली. आणि त्या दोन-तीन आठवड्यांत, ताई म्हणते, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला खिडकीखालून एक आवाज यायचा. फस्... फस्... फस्... कापडावरून ब्रश फिरवावा तसा. मध्ये थांबायचा. परत फस्... भावजी साडेसहाला कामावरून यायचे. दाराशी दोनदा खाकरायचे, मग आत. ताईला वाटलं, एकट्या माणसाला असे भास होतातच. आणखी एक व्हायचं. मशीन साफ करायचा तिचा छोटा ब्रश ड्रॉवरमध्ये ठेवलेला असायचा आणि सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर मिळायचा. केसांना काहीतरी पिवळं लागलेलं. तिला वाटलं खुणेचा खडू. फुंकर मारून परत ठेवून द्यायची.

उन्हाळ्यात झुडपावर हिरवे मणी दिसले. तिला आधी कीडच वाटली. आणि थंडीच्या तोंडावर एका सकाळी तिने मशीनवरून मान वर केली, तर खिडकीत लाल.

एखाददुसरं नाही. फांदीफांदीला घोस. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

ताई मशीनवर डोकं ठेवून रडली. चांगलं रडणं, म्हणजे कळलं ना तुला. त्या दिवसापासून ती बदललीच. ज्याला त्याला सांगायची, "ह्यांनी शब्द पाळला. गेल्यावर का होईना, पाळला." रोज सकाळचा चहा घेऊन खिडकीशी बसायची आणि त्या फळांशी बोलायची. मला काळजी वाटायची, पण ती जेवायला लागली होती, झोपायला लागली होती, मग मी गप्प बसले. सगळा जीव त्या फळांवर होता गं तिचा. ती फळं म्हणजे भावजी आपले होते, याची पावती.

एक फांदी तोडून ती दुकानात घेऊन गेली, कात्रीला दाखवायला. कात्री कोटाचं कापड कापत होती. तिने फांदीकडे बघितलं. आणि तिची कात्री सरळ खुणेबाहेर गेली, आख्खी पाठ वाया. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. ताई म्हणाली, "अगं लक्ष कुठंय?" ती म्हणाली, "हात घसरला."

मग ताई हौसेने ती फांदी घेऊन रोपवाटिकेत गेली. म्हाताऱ्याने चष्मा वर करून बघितली आणि खूश झाला.

"म्हणजे लावला शेवटी नवरदेव."

"कुठला? नाही हो, आमच्याकडे एकच झुडूप आहे."

"असं कसं? साहेब स्वतः घेऊन गेले की. चार वर्षं झाली. मीच निवडून दिला, हिच्याच जातीचा." म्हातारा बोलता बोलता थांबला. ताईचा चेहरा बघितला असणार. "लावला असेल कुठेतरी... मधमाशी जाईल एवढ्या अंतरावर. लांब नाही जात ती फार."

चार वर्षं. ताईच्या डोक्यात तेवढंच राहिलं. हातमोजे हरवले त्याला चार वर्षं.

तिथून ती सरळ घरी गेली नाही. भर दुपारी, थंडीचं ऊन पडलेलं असताना, ती गल्ल्यागल्ल्यांतून कुंपणांवरून डोकावत फिरली. एका बाईने विचारलं, मांजर हरवलंय का? ताई हो म्हणाली. आणि फिरत फिरत कात्रीच्या दारात येऊन उभी राहिली. पंधरा वर्षांत ती कात्रीच्या मागच्या आवारात कधी गेली नव्हती. पुढच्या खोलीत बसायचं, तिथूनच निघायचं. कात्री म्हणायची, मागे नुसता पसारा आहे.

कात्रीने दार उघडलं. "ये ना. चहा टाकते."

"मला मागे जायचंय."

"मागे काय... पसारा आहे गं नुसता."

"असू दे."

कात्री बाजूला झाली.

पसारा कुठला? झाडून लखलखीत केलेलं आवार. आणि मधोमध ते झुडूप. तीच जाड पानं, तेच काटे. पण गोल. कंपास लावून कापल्यासारखं गोलच्या गोल, एक पान इकडचं तिकडे नाही. बुंध्याशी लिफ्टच्या सुट्या भागांना असतो तसला पत्र्याचा बिल्ला बांधलेला. त्यावर ठोकून उमटवलेली अक्षरं. नर. खाली तारीख. अक्षर ठोकताना भावजी र नेहमी थोडा तिरका मारायचे. तो र तिरका होता.

कडेला सामानाची शेड होती, तिच्या बाहेरच्या खिळ्याला हातमोजे लटकत होते. उजव्या अंगठ्याला पिवळा दोरा.

ताई म्हणते, मी ओरडले नाही, काही नाही. मला फक्त माझ्या हाताचे टाके दुसऱ्याच्या घरात बघून लाज वाटली.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"दिवस..." कात्री अडखळली. "चार वर्षं."

"हे इथे का लावलं?"

"तुझ्यासाठी आणला होता. खरंच. घरी नेताना वाटेत इथे थांबला... आणि म्हणाला, इथे लावला तरी पोचेल तिच्यापर्यंत. दोन्हीकडचं होईल." कात्री त्या झुडपाकडेच बघत होती. "त्याला मोकळं वाढलेलं आवडायचं. मला नाही आवडत."

पंधरा वर्षं भावजी म्हणणारी बाई. 'त्याला' म्हणाली. ताईला तो शब्द काट्यासारखा लागला, बाकी सगळं नंतर लागलं.

"म्हणजे माझी फळं..." ताईला वाक्य पुरं करवेना. "माझी फळं तुझ्या अंगणातून आली."

तेव्हा कात्रीने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. आणि ताई म्हणते, त्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता. भीती होती.

"नाही आली," ती हळूच म्हणाली. "तेच तर... तू फांदी दाखवलीस त्या दिवसापासून माझी झोप उडालीये. ह्याला कधी फूलच आलं नाही. मी येऊ दिलं नाही. दर वर्षी थंडी सरता सरता मी हे गोल छाटते, सगळ्या कळ्या जातात. मुद्दाम छाटते. हा फुलला असता तर तुझ्याकडे फळं लागली असती, आणि तू नर शोधत इथे आली असतीस."

"या वर्षी?"

"या वर्षीही छाटलं. तो गेल्यावर महिन्याने. रडत होते आणि छाटत होते... एक कळी ठेवली नाही गं."

दोघी उभ्या राहिल्या. वारा नव्हता. ते गोल झुडूप त्यांच्या मध्ये.

"मग पराग कुठून आले?" ताईने विचारलं.



ताई घरी आली. घरात शिरली ती थेट मशीनकडे. ड्रॉवर उघडला. ब्रश उचलून उजेडात धरला. केसांच्या अगदी मुळाशी, फुंकरीने न निघालेली, पिवळी भुकटी. तिने बोटाला लावून बघितली. खडू नव्हता तो. मऊ होता.

आता मी तुला तिने कबूल केलेलं सांगते, मला नाही वाटत तिने आणखी कुणाला सांगितलं असेल. तिला आनंद झाला. कळलं तुला? नवऱ्याने चार वर्षं फसवलं, मैत्रिणीने फसवलं, हे तासाभरापूर्वी कळलेलं, आणि हिला जिंकल्यासारखं वाटलं. कात्रीच्या झुडपाला फूल नाही. म्हणजे मधमाशी नाही, काही नाही. म्हणजे हे स्वतः आले. वसंतात रोज संध्याकाळी, माझ्या खिडकीखाली, माझा ब्रश घेऊन, एकेक फूल. मरून का होईना, माझ्याकडे आले.

त्या संध्याकाळी तिने दिवा लावला नाही. मशीनशी अंधारात बसली. बाहेर थोडा उजेड होता, राखेच्या रंगाचा, त्यात फळं काळी दिसत होती. घड्याळात साडेसहा झाले. आणि वास आला. आधी ग्रीसचा. मग ओल्या चामड्याचा. खिडकी बंद होती.

बाहेर कुणीतरी दोनदा खाकरलं.

"अहो..." ताई म्हणाली. "आलात?"

मग आवाज. या वेळी ब्रशचा नाही. कट्... थांबणं... कट्... फांदी कापायच्या कात्रीचा. सावकाश, सवयीच्या हाताचा. कट्... कट्... तिला काचेतून फक्त पानं हलताना दिसत होती. खालून वर, एकेक फांदी, कुणीतरी वाकवून सोडावी तशी.

ती उठली नाही. तिला वाटलं, आपल्यासाठी फांदी तोडतायत. पूर्वी बाहेरून काही आणलं की कट्ट्यावर ठेवून द्यायचे, सकाळी ती बघेल म्हणून. उद्या सकाळी कट्ट्यावर लाल फांदी असेल. त्या विचारात तिला तिथेच, खुर्चीत झोप लागली. दहा महिन्यांत इतकी गाढ झोप लागली नव्हती, म्हणते.

सकाळी कट्टा रिकामा होता.

आणि झुडूप हिरवं. नुसतं हिरवं. एक फळ नाही. पक्ष्यांनी खाल्लं म्हणावं तर खाली टरफल नाही, पीस नाही. प्रत्येक देठ कापलेला, तिरका. भावजी कायम तिरकं कापायचे, पाणी साचू नये म्हणून.

ती तशीच बघत उभी असताना फोन वाजला. कात्री.

"तू हे का केलंस?"

"काय?"

"ये इथे. ये आणि बघ काय केलंयस."

ताई चपला घालून धावली. कात्रीच्या आवारात ते गोल झुडूप लालभडक झालं होतं. नराचं झुडूप. ज्याला फळ येऊच शकत नाही ते. जवळ गेली तेव्हा दिसलं. फळं आलेली नव्हती. बांधलेली होती. एकेक फळ देठाने फांदीला, पिवळ्या दोऱ्याने. दोनशे तरी असतील. आणि प्रत्येकाला गाठ. तीन वेढे, एक उलटा, टोक आत.

"ही गाठ तुझी आहे," कात्री म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "दुसऱ्या कुणाला येत नाही. तूच म्हणतेस."

"मी घराबाहेर पडले नाही."

"हात दाखव."

ताईने हात पुढे केले. अगं, त्या काट्यांत दोनशे गाठी मारायच्या म्हणजे हाताची चाळण व्हायला हवी. ताईच्या हातावर एक ओरखडा नव्हता. कात्रीने ते हात उलटेसुलटे करून बघितले आणि सोडले. मग दोघी शेडकडे वळल्या. बाहेरून कुलूप होतं. कात्रीने आदल्या दिवशी, ताई गेल्यावर, हातमोजे उचलून आत ठेवले होते आणि स्वतः कुलूप घातलं होतं. ते काढलं.

हातमोजे आत खिळ्यालाच होते. ओले. उजव्या मोज्याचा अंगठा उघडा पडलेला. पिवळा दोरा निघालेला, सुईची भोकं तेवढी राहिलेली, रांगेत, रिकामी. ताईने त्या अंगठ्यात वापरलेला दोरा वीतभर होता. वीतभर गं. आणि बाहेर दोनशे फळं.

कात्री मटकन खाली बसली. "मला नकोयत ती," म्हणत राहिली. "मला नकोयत... घेऊन जा."

"राहू देत," ताई म्हणाली. "तुझीच आहेत."

मला सांगताना ती म्हणाली, "त्यांनी जिवंतपणी केलं ते मी गिळलं असतं. माणूस चुकतो. पण मेल्यावर? माझ्या दारात पिकवली, माझ्या ब्रशने. माझ्या दोऱ्याने बांधली, माझ्या आईच्या गाठीने. आणि नेली तिच्याकडे. मी फक्त जमीन होते का गं?"



संध्याकाळी जाऊन तिने करवत विकत आणली. आजच्या आज हट्टीला मुळापासून कापायचं. आवारात गेली, करवत टेकवली, आणि मग तिचं लक्ष वर गेलं. झुडपाचा शेंडा नव्हता. आदल्या संध्याकाळी फळं कापताना कुणीतरी वरचा भाग थोडा छाटला होता. थोडाच. एका बाजूने, वळणदार. ती बघत राहिली, तोवर साडेसहा झाले, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, पानांच्या पलीकडे, दोनदा खाकरल्याचा आवाज आला. ती करवत तिथेच टाकून आत पळाली.

त्यानंतर रोज. साडेसहाला, कट्... कट्... रोज थोडंसं. सकाळी खाली कातरलेली पानं पडलेली. अकरा वर्षं मोकळं वाढलेलं तिचं झुडूप... अगं, गोल होत चाललंय. कात्रीच्या झुडपासारखं. एकेक दिवस, एकेक पान, तिच्या खिडकीखाली ते दुसरं झुडूप तयार होतंय.

कात्री नाहीये आता. तिसऱ्या दिवशी तिने माणूस बोलावून तिचं झुडूप उपटून घेतलं, घराला कुलूप लावलं आणि बहिणीकडे निघून गेली, दुसऱ्या गावाला. दुकानाची चावी ताईच्या दारातून आत सरकवून. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

आणि काल मी गेले होते. हे सगळं ऐकलं, आणि खरं सांगते, मला वाटलं ताईला डॉक्टरला दाखवायला हवं. म्हणून खिडकीशी गेले. झुडूप गोल आहे. मी बघितलं. जवळजवळ पूर्ण गोल. फक्त खिडकीकडची एक फांदी तेवढी कापायची ठेवलेली, लांब, काचेला टेकलेली. म्हणजे मला टेकलेली वाटली. नीट बघितलं तर तिचं टोक आत होतं. खिडकी बंद, कडी लावलेली, चौकटीत फट नाही, आणि फांदीचं टोक आत, मशीनच्या वर. त्यावर एक फळ. एकच. पिवळ्या दोऱ्याने बांधलेलं.

"हे कधी आलं?" मी विचारलं.

"कात्री गेली त्या रात्री," ताई म्हणाली. "माझं आहे ते."

"ताई... तिकडचं झुडूप राहिलं नाही म्हणून इकडे..." मी बोलून गेले. बोलायला नको होतं.

"माहितीये मला," ती म्हणाली. शांतपणे. "मला काय कळत नाही?"

करवत खिडकीखालीच पडलेली होती, मला काचेतून दिसत होती. मी म्हटलं, मी कापते. आत्ता. तू नुसती हो म्हण. ताई घड्याळाकडे बघत होती. साडेसहाला दोन मिनिटं होती.

मग वास आला. ग्रीस... आणि ओलं चामडं. मला आला गं, मला. बाहेर कुणीतरी दोनदा खाकरलं.

ताई उठली. केसांवरून हात फिरवला, ओढणी नीट केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि खिडकीची कडी काढली.

मी पळून आले. तिला तशीच सोडून आले, चप्पलसुद्धा तिथेच राहिली. सकाळपासून फोन करतेय. ती उचलते. पलीकडून नुसतं कट्... कट्... ऐकू येतं, आणि ती म्हणते, नंतर बोलते.

तू सांग आता. तू ताईच्या जागी असतीस तर करवत उचलली असतीस, की कडी काढली असतीस?